हजेरीचं पदक

बुधवार पेठेत धातू नाही अशी हातभर जमीन मला आजवर मिळालेली नाही. तापकीर गल्लीच्या तोंडाशी यंत्र टेकवलं की तांब्याच्या तारांचे तुकडे बोलू लागतात. तुळशीबागेच्या अंगाला केसांचे आकडे, पिना, तुटक्या साखळ्या. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या गठ्ठ्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या. जोगेश्वरीच्या आसपास नाणी. खिळे तर सगळीकडेच. वाडे पडले, त्यांचे खांब आणि तुळया विकल्या गेल्या, पण खिळे मातीतच राहिले. त्याच्याही खाली बिडाच्या जलवाहिन्या, विजेच्या केबली, टेलिफोनच्या मेलेल्या तारा. पेशवाईतला कात्रजचा नळ तेवढा गप्प असतो, कारण तो दगड-चुन्याचा आहे.

या आवाजांत माझी नोकरी गेली. पुणे शहर पोलीस दलात शिपाई म्हणून लागलो, पुढे बॉम्ब शोधक व नाशक पथकात आलो आणि तिथूनच सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. या पथकाला सगळे बीडीडीएस म्हणतात. लोकांना आम्ही दिसतो ते बेवारस बॅगेच्या कॉलला. दोरी बांधलेली, गर्दी मागे सारलेली, मध्ये एकटा माणूस त्या बॅगेकडे चाललेला. बातमीत तेवढंच येतं. रोजचं काम मात्र वेगळं असतं. मंत्री यायच्या आधी सभागृह तपासायचं. मैदान, व्यासपीठ, व्यासपीठाखालची पोकळी, फुलांच्या कुंड्या बघायच्या. गणेशोत्सवात मांडव तपासायचे आणि अनंत चतुर्दशीच्या पहाटे मिरवणुकीचा सगळा मार्ग पायाखाली घालायचा. याला आमच्या भाषेत घातपातविरोधी तपासणी म्हणतात. बहुतेक तपासण्यांच्या शेवटी नोंदवहीत एकच वाक्य पडतं, ‘काही संशयास्पद आढळले नाही’. घरी गेल्यावर बायको विचारायची, आज काय झालं? काही नाही झालं, असं मी सांगायचो, आणि ते ऐकून ती ताट वाढायला घ्यायची.

मेटल डिटेक्टर म्हटलं की पुणेकरांना दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दारातली चौकट आठवते. ती एक जात. हातात धरून अंगावरून फिरवायची दांडी ही दुसरी. तिसरी आमची. लांब दांडा, खाली ताटाएवढी तबकडी, कानाला हेडफोन. तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता वीजप्रवाह गेला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र शिरतं. वाटेत धातू आला तर त्या धातूत उलटे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते वर परत येतं. आपण ऐकतो तो त्या परतीचा आवाज. शास्त्र एवढंच. कसब पुढे आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातच लोहाचे कण असतात, त्यामुळे नुसती खडीसुद्धा कुरकुरते. जमिनीचा हा आवाज बाजूला सारून खालच्या वस्तूचा आवाज ओळखायला कान तयार व्हावा लागतो. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीएमईत, आम्हाला शिकवणारे सुभेदार साहेब म्हणायचे की यंत्र सरकारी आहे, कान तुमचा आहे.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे लोक हेच यंत्र घेऊन सुट्टीच्या दिवशी शेतांमधून हिंडतात, छंद म्हणून, शेताच्या मालकाची परवानगी काढून. २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात अशाच एका छांदिष्टाला नांगरटीत सातव्या शतकाच्या सुमाराचं सोनं सापडलं. तलवारींच्या मुठींचे तुकडे, जडावाचं काम, कित्येक हजार नग. भाच्यानं मला त्याचे फोटो पाठवले होते. ते मी खूप वेळ बघत बसलो. सोन्याचं मला काही वाटलं नाही. हेडफोनमध्ये आवाज झाल्यावर तो माणूस किती आनंदानं खाली वाकला असेल, हे मनात येत राहिलं. आम्ही आवाज झाला की आधी मागच्यांना हातानं थांबवतो.

आता २०१४ च्या गोष्टीकडे येतो. त्या वर्षी १० जुलैला फरासखाना पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये एका मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. भर दुपारी, दगडूशेठच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, बुधवार पेठेच्या अगदी पोटात. काही जण जखमी झाले, त्यांत आमचीही माणसं होती. चार वर्षांपूर्वी, १३ फेब्रुवारी २०१० ला, जर्मन बेकरीतल्या स्फोटात १७ माणसं गेली होती. २०१२ च्या १ ऑगस्टला जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक स्फोट झाले होते. त्यानंतर हे, आणि तेही पोलीस ठाण्याच्या दारात. त्या वर्षी गणेश चतुर्थी २९ ऑगस्टला होती. मधले सगळे आठवडे आम्ही पेठांमध्येच होतो. बुधवार पेठेत तांबडी जोगेश्वरी आणि तुळशीबाग असे मानाचे गणपती, शिवाय दगडूशेठ, शिवाय भाऊसाहेब रंगारी. एका दिवसात लाखो माणसं या चार-दोन रस्त्यांवरून जातात. आम्ही गटाराची झाकणं उचलली, बंद दुकानांच्या फळ्या बघितल्या, पडक्या वाड्यांच्या मालकांना शोधून कुलपं उघडायला लावली.

असाच एक वाडा शिवाजी रस्त्यापासून आत जाणाऱ्या बोळात होता. अर्धा पाडलेला, उरलेला पावसानं खचलेला. पांढरी माती, विटा, चुन्याची ढेकळं, वाळवी लागलेल्या फळ्या असा राडारोड्याचा ढीग आणि त्या ढिगाला लागूनच एका मंडळाच्या मांडवाची मागची कनात. असा ढीग आमच्या लेखी सगळ्यांत वाईट. त्यात काहीही लपतं, आणि यंत्र तर पावलोपावली ओरडतं. सकाळची वेळ होती, पावसाची भुरभुर चालू होती. कनातीच्या जवळ, जिथं माती अलीकडेच कुणीतरी उकरल्यासारखी दिसत होती, तिथं आवाज बदलला. खिळ्याचा आवाज तुटक आणि खरखरीत असतो. इथं एक पसरट लोखंडी आवाज होता आणि त्याच्या पोटात दुसरा, बारीक, गोल, स्वच्छ. म्हणजे पत्र्याच्या काहीतरी आत वेगळ्या धातूचं काहीतरी.

मांडवातली पोरं बाहेर काढली. बोळाची दोन्ही तोंडं बंद केली. श्वान पथकाची लॅब्रेडोर कुत्री आली, ढिगावरून दोनदा फिरली आणि शेपटी हलवत हँडलरकडे बघत उभी राहिली. तिला काही लागलं नव्हतं. त्यानं धीर आला, पण कुत्रीनं नाही म्हटलं म्हणून माणसानं हात घालायचा नसतो. जडशीळ बॉम्बरोधक सूट घातला आणि पोटावर झोपलो. प्रॉडर नावाची एक बोथट सळई असते. ती जमिनीत उभी कधी खुपसायची नाही, तिरपी सरकवायची, म्हणजे ती वस्तूच्या कडेला लागते, डोक्यावर दाबत नाही. कड लागली. मग बोटांनी आणि रंगाऱ्याच्या ब्रशनं माती काढत गेलो. तंबाखूची असते तशी एक चपटी पत्र्याची डबी निघाली, गंजून पापुद्रे सुटलेली. तिचा एक कोपरा माझ्या ब्रशनंच गळून पडला आणि आत राखाडी धातूची गोल कड दिसली. कडेवर अक्षरं होती.

मागून आमचा नाईक ओरडला, “काय आहे हो?”

“अक्षरं आहेत,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

ते पदक होतं. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं. वरची लटकवायची पट्टी शाबूत होती. फीत कुजून गेली होती, पण पट्टीच्या खाचेत काही धागे अडकलेले होते, त्यांतला एक अजून भगवा दिसत होता. ठाण्याच्या नळाखाली धरून नुसत्या पाण्यानं माती सोडवली. घासलं नाही. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि इंग्रजीत भारतीय स्वातंत्र्य, १५ ऑगस्ट १९४७ असा मजकूर. दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, आणि त्या चक्राच्या वर ब्रिटिश राजाचा मुकुट. कडेनं लॅटिनमध्ये सहाव्या जॉर्जचं नाव. मी ते कितीदा तरी उलटसुलट केलं. आपलं चक्र आणि त्यावर त्यांचा मुकुट, एकाच नाण्याएवढ्या जागेत. फरासखान्यातले जे जे येऊन बघून गेले, त्यातल्या प्रत्येकानं पहिलं बोट त्या मुकुटावरच ठेवलं.

पंचनामा झाला. मंडळाचा एक कार्यकर्ता आणि समोरचा चहावाला हे पंच. स्टेशन डायरीला नोंद झाली. मग चर्चा सुरू झाली की याचं करायचं काय. आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, पण त्याला वस्तू निदान शंभर वर्षांची लागते, आणि हे पदक सत्तरीचंही नव्हतं. मातीत गाडलेलं म्हणावं तर हे गाडलेलं नव्हतं, भिंत पडली म्हणून ढिगात आलेलं होतं. शेवटी आमच्या साहेबांनी पदकाची कड खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, यावर मालकाचं नाव आहे, मग हा निधी कसला, ही हरवलेली वस्तू आहे, मालक शोधा.

खरोखरच कडेवर ठसे मारून क्रमांक, सॅपर हा हुद्दा, नाव आणि तुकडीचं लघुरूप कोरलेलं होतं. नाव इथं देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. त्या काळच्या सैनिकी पदकांना ही रीत होती. एरवी आपण रस्त्यावरच्या धातूच्या तुकड्यात तो ठेवणारा माणूस शोधत असतो, तो कसा तरी करून सुटू नये म्हणून. इथं धातूच माणसाचं नाव सांगत होता. मला त्या सकाळी फार बरं वाटलं.

तपासाची परवानगी मिळाली तेव्हा मी आधी रविवार पेठेत जुनी नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. पदक नेलं नाही, ते मुद्देमालात होतं. फोटो नेला. त्यांनी बघताक्षणी सांगितलं की १५ ऑगस्ट १९४७ ला जे जे सैन्यात नोकरीवर होते त्या सगळ्यांसाठी हे निघालं. मुकुटाचंही सांगितलं. २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण स्वतंत्र होतो, पण प्रजासत्ताक नव्हतो, राजा कागदोपत्री अजून तोच होता. मग त्यांनी कपाटातून मखमलीचा खण काढला. १९११ च्या दिल्ली दरबाराचं चांदीचं पदक, एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी, दुसऱ्या बाजूला सगळी फारसी अक्षरं. त्याशेजारी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाचं, १८९७ चं. ते हातात घेतल्यावर पुण्याच्या माणसाला दुसरं काय आठवणार? त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, गणेशखिंडीतल्या मेजवानीहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडला चापेकर बंधूंनी गाठलं होतं. एका शहरात एकाच रात्री एकीकडे दिव्यांची आरास होती आणि एकीकडे रस्त्याच्या कडेला दबा धरून बसलेली पोरं होती. पदकावर यातलं फक्त आरास करणाऱ्यांचं साल उरलं आहे.

त्या गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. पदकं दोन प्रकारची, ते म्हणाले. एक, तुम्ही काय केलंत त्याचं. दुसरं, तुम्ही त्या दिवशी कुठं होतात त्याचं. जमवणारे पहिल्याच्या मागं लागतात. दुसऱ्याला बाजारात फारसा भाव नाही, कारण ते हजारोंना मिळालेलं असतं.

माझ्याकडे त्यातलं दुसरं आहे. १५ ऑगस्ट १९९७ ला जे जे गणवेशात नोकरीवर होते त्यांच्यासाठी स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचं पदक निघालं. त्याआधी १९७२ साली पंचविसाव्या वर्षाचं होतं. पुढे २०२२ मध्ये पंच्याहत्तराव्या वर्षाचंही झालं. १९९७ ला मी शिपाई होतो. पदक हातात पडायला बरीच वर्षं गेली आणि पडलं तेव्हा मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. मला वाटायचं, यात आपण काय केलं? त्या दिवशी नोकरीवर होतो, एवढंच. शौर्यपदक म्हणजे पदक. यशवंत घाडग्यांसारखं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं, मशिनगनच्या माऱ्यात एकट्यानं चाल करून गेले आणि तिथंच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे, कोकणात जाताना मी एसटीतून उतरून बघितला आहे. त्याच्यापुढे आमच्या हजेरीच्या पदकाचं काय कौतुक करायचं?

मालकाचा शोध लागायला वेळ लागला. वाड्याचे भाडेकरू पांगले होते. कुणी धायरीला, कुणी कात्रजला, कुणी मुलाकडे बंगळूरला. बोळाच्या तोंडाशी दाढी-कटिंगचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र नाव ऐकताच आठवलं. “मिलिटरीवाले आजोबा,” ते म्हणाले. “दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. फौजेतून सुटल्यावर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. दर रविवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक. मिशी मात्र स्वतः कातरायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.” आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. खडकीला, बॉम्बे सॅपर्सच्या अभिलेख कार्यालयाला, आम्ही क्रमांक देऊन रीतसर पत्र पाठवलं. कुटुंबनिवृत्तीवेतनाच्या कागदांवरून पत्ता लागला. सिंहगड रस्त्याच्या एका सोसायटीतून त्यांची नात फोनवर आली. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मी सांगितलं ते तिला दोनदा सांगावं लागलं, आणि मग ती म्हणाली, “काका, मी आईला देते फोन, मला बोलता येत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आजोबांची सून, म्हणजे नातीची आई, सत्तरीच्या. त्यांनी पदक हातात घेण्याआधी खुर्चीखाली चपला काढून ठेवल्या. पदकाची गोष्ट त्यांनीच सांगितली. आजोबांना युद्धातली पदकं होती, ती ट्रंकेत. हे एकच डबीत घालून देवाच्या कोनाड्यात असायचं. पुढं घरात लोखंडी कपाट आलं, कोनाडा त्याच्यामागं गेला. वाडा खाली करायची वेळ आली तेव्हा घाईत कपाट उचललं गेलं आणि कोनाड्यात हात घालायचं राहून गेलं. त्यांनी नंतर परत जाऊन बघायचा प्रयत्न केला होता, तोवर जिना काढलेला होता.

“त्यांना विचारलं की सांगायचे,” त्या म्हणाल्या, “ती पदकं लढाईची आहेत, हे आपलं राज्य आल्याचं आहे.”

मी विचारलं, मग १५ ऑगस्टला आजोबा कुठं होते? मला वाटलं होतं दिल्ली, लाल किल्ला, नाहीतर पंजाबात निर्वासितांच्या गाड्यांवर. त्या म्हणाल्या, खडकीला. सामानाच्या कोठाराच्या पहाऱ्यावर. रात्री बाराला खडकी बाजाराकडून फटाके आणि घोषणा ऐकू येत होत्या आणि हे बंदूक घेऊन दाराशी. बदली यायची वेळ झाल्यावर जो दुसरा जवान आला त्याला यांनी पहिल्यांदा जय हिंद म्हटलं आणि चावी दिली. एवढंच. पण हे ते दर वर्षी सांगायचे. मुलं कंटाळायची, तरी सांगायचे.

मग नात म्हणाली, “काका, पदक तुम्हाला सापडलं कसं?” मी यंत्राचं सांगितलं, हेडफोन, तबकडी, आवाज. तिनं आईकडे बघितलं. “आई, आजोबांचं ते कानाला लावायचं?”

सॅपर म्हणजे सैन्यातले रस्ते करणारे, पूल बांधणारे, आणि सुरुंग काढणारे. हे आजोबा इटलीत सुरुंग शोधणाऱ्यांत होते. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं माणसाला एकट्यानं हातात धरून चालता येईल असं सुरुंगशोधक यंत्र तयार केलं. १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत आठव्या सैन्यानं ती यंत्रं वाळवंटात वापरली. दांडा, तबकडी, कानाला हेडफोन. आमच्या पथकातलं यंत्र त्याच घराण्यातलं. त्याआधी तर यंत्रही हातात नसायचं. १९४१ च्या सुरुवातीला बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत ॲबिसीनियाच्या सरहद्दीवर सैन्याच्या पुढं राहून चार दिवस रस्ता साफ करत गेले. ५५ मैलांत १५ सुरुंगक्षेत्रं. गाडी दोनदा स्फोटानं उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी जागा सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. सीएमईत आम्हाला त्यांची गोष्ट सांगितलेली होती. त्या मुलीनं ती आजोबांच्या मांडीवर ऐकलेली होती. आम्ही दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करत ती पुन्हा सांगत होतो आणि तिची आई आणि आमचे साहेब ऐकत होते.

भगत साहेबांनी जे केलं ते शौर्य. पण त्या दिवशी ठाण्यात बसून माझ्या ध्यानात आलं की त्यांच्यामागं जी गाड्यांची रांग होती, तिच्यातल्या प्रत्येक माणसाला साफ झालेल्या रस्त्यावर काहीच घडलं नव्हतं. ते पोचले. सुरुंग काढणाऱ्याच्या कामाचं फळ असंच असतं, दुसऱ्याच्या आयुष्यात एक न घडलेली गोष्ट. आजोबांनी इटलीत किती पायांखालचे सुरुंग काढले असतील, त्या पायांच्या मालकांना ते कधी कळलंही नसेल. आणि पुढं कोठाराच्या दारातली ती रात्र. तिथंही काही घडलं नाही. घडू नये म्हणूनच तो माणूस तिथं उभा होता, आणि उभा होता म्हणून बाजारातली माणसं निवांतपणे फटाके उडवत होती. त्याला देशानं पदक दिलं. मला वाटतं, ते देणाऱ्यांना पहाऱ्याची किंमत कळत होती. माझ्या सुवर्णमहोत्सवी पदकाकडे मी इतकी वर्षं ज्या नजरेनं बघत होतो ती त्या दोन बायकांच्या समोर टिकली नाही.

हे मी नव्या पोरांना सांगतो. निवृत्त झालो तरी पथकातली मुलं फोन करतात, कधी चहाला भेटतात. बंदोबस्ताला कंटाळलेली असतात. चौदा-सोळा तास उभं राहून शेवटी मिरवणूक शांततेत पार पडली असं छापून येतं, आणि त्या शांततेत आपण कुठं होतो हे कुणाला दिसत नाही, अशी त्यांची खंत असते. खंत खरी आहे. बंदोबस्तातल्या शिपायाचे हाल मी भोगलेले आहेत. जेवणाची पाकिटं उशिरा येतात, महिला शिपायांना स्वच्छतागृह मिळत नाही, गुडघे जातात. ते बदललंच पाहिजे, आणि कौतुकाच्या चार शब्दांनी ते बदलणार नाही. पण काम छोटं आहे असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

सुपूर्दनाम्यावर आजोबांच्या सुनेनं सही केली. नातीनं विचारलं, चिंच लावून घासू का? मी नको म्हटलं. घासलं की कडेवरचे ठसे झिजतात, आणि नाव गेलं की सगळंच गेलं. मऊ कापडानं पुसायचं, कोरडं ठेवायचं. फितीचं मात्र सांगितलं. भगवा, पांढरा, हिरवा, तीन सारखे उभे पट्टे. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला सैनिकी सामानाच्या दुकानांत अशी फीत मिळते. तिनं ती आणली, आणि जुने धागे एका पाकिटात वेगळे ठेवले. पुढच्या १५ ऑगस्टला ती ते पदक शाळेत घेऊन गेली. तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, आजोबांनी त्या दिवशी काय केलं? तिनं सांगितलं, दार सांभाळलं. हे तिनंच मला फोनवर कळवलं.

त्याच फोनवर तिनं विचारलं, “काका, तुमची पदकं कुठं असतात?”

प्लॅस्टिकच्या पिशवीत, असं सांगायला जिवावर आलं. त्या रविवारी कपाट उघडून सगळी बाहेर काढली. त्यांच्यावर नुसती सालं आहेत, मी कुठं होतो हे कुठंच नाही, आणि माझ्या मुलांना ते माहीत नाही. म्हणून एकेका पदकासोबत चिठ्ठी लिहायला घेतली आहे. पहिली सुवर्णमहोत्सवाची झाली. ‘१५ ऑगस्ट १९९७. कौन्सिल हॉलच्या बाहेर, बॅरिकेडपाशी. पहाटेपासून. पाऊस होता. ध्वजवंदन आतमध्ये झालं, राष्ट्रगीत ऐकू आलं तेव्हा मी रस्त्याकडे तोंड करून सावधान उभा होतो.’ बाकीच्यांचं लिहायचं आहे. काहींच्या जागा आठवायला जुन्या सहकाऱ्यांना फोन करावे लागणार आहेत.